भंगारातून वाचलेली विमानं

गुरुवार, हेंडन

लंडनला भाच्याकडे आठवडाभर राहायचं ठरलं, तेव्हाच ओंकारला सांगून टाकलं होतं की मला राजवाडे नकोत, विमानं दाखव. दुसऱ्या महायुद्धातली जी काही उरलीत ती. तो म्हणाला, "आत्या, मग सुरुवात हेंडनपासून करू." नॉर्दर्न लाइनवर कोलिंडेलला उतरलं की रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय चालत जाण्याएवढं जवळ आहे. प्रवेश मोफत. १९७२ साली उघडलेलं हे संग्रहालय हेंडनच्या जुन्या विमानतळाच्या जागेवरच उभं आहे.

आम्ही थेट बाँबर विमानांच्या दालनात गेलो. तिथे एक लिबरेटर उभं आहे, आणि त्याच्यासाठीच मी आले होते. अमेरिकेत बनलेलं, चार इंजिनांचं, शेपटीला दोन उभे पंख असलेलं हे अवजड विमान. मोठे काका लोहगावला हवाई दलात इंजिन फिटर होते. पुण्यात पन्नासच्या दशकात लिबरेटर डोक्यावरून जायचं तेव्हा काका मान वर न करता कुठलं इंजिन नीट बोलत नाहीये ते सांगायचे, असं आमच्याकडे अजून सांगतात. हेंडनचं हे विमान आपल्या हवाई दलाचं. १९७४ मध्ये भारताने ते भेट दिलं आणि ते स्वतःच्या इंजिनांवर उडत ब्रिटनला पोहोचलं.

त्यामागची हकिगत मोठी आहे. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची लिबरेटर अमेरिकेच्या उसनवारीची होती. करारानुसार ती परत तरी करायची किंवा निकामी तरी करायची. परत नेण्याचा खर्च कोण करणार? म्हणून कानपूरच्या चकेरी तळावर शेकडो टन विमानं जाणूनबुजून मोडली गेली. कुठे इंजिनांत माती-वाळू ओतली, कुठे तेल काढून घेऊन इंजिनं चालू सोडून दिली, कुठे सांगाड्याचं जमेल तेवढं नुकसान केलं. पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला अवजड बाँबर हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ही मोडलेली विमानं एकेक करून तपासली, एकाचे भाग दुसऱ्याला लावले आणि जेमतेम उडण्याजोगी झाली की ती बंगळुरूला नेऊन नीट दुरुस्त केली. कानपूरहून बंगळुरूपर्यंत ती उडवत नेण्याचं काम कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केलं. ब्रिटिश-अमेरिकन तंत्रज्ञांनी हात झटकलेली चाळीसच्या आसपास विमानं अशी पुन्हा आकाशात गेली. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये त्यांवर पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली, नंतर सहा नंबरची, आणि लोहगाव हे त्यांचं घर झालं. १९६८च्या अखेरीपर्यंत ती सेवेत होती. बाकीच्या जगाने तोवर आपली लिबरेटर केव्हाच वितळवून टाकली होती.

अठरा हजारांहून अधिक लिबरेटर बनली. इतकी संख्या दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन लष्करी विमानाची नाही. आज पूर्णावस्थेत जगभर डझन-दीड डझन उरली असतील, आणि त्यांतली किमान सहा भारतीय हवाई दलातून गेलेली: एक दिल्लीत पालमला, एक इथे, एक कॅनडात ऑटावाला, बाकीची अमेरिकेत. कॅनडाने त्या बदल्यात आपल्याला एक लायसँडर हे छोटं टेहळणी विमान दिलं, तेही पालमलाच आहे. हा सौदा मला फार आवडतो. कारण १९४१ मध्ये आपल्या एक नंबरच्या स्क्वाड्रनला जी लायसँडर मिळाली ती मुंबईकरांच्या वर्गणीतून, 'बॉम्बे वॉर गिफ्ट्स फंडा'तून आलेली होती, आणि तीच घेऊन ती स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली.

मी लिबरेटरच्या पोटाखाली वाकून बराच वेळ बघत राहिले. बाँब टाकायची दारं बाहेर उघडत नाहीत, सांगाड्याच्या कडेने वर गुंडाळली जातात. आत मध्यावरून पुढून मागे जायला एक वीतभर रुंद पट्टी, तिच्यावरून पॅराशूट बांधलेला माणूस उडत्या विमानात कसा चालत असेल! पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा आहेत. त्यांतल्या कुठल्या कारखान्यातल्या आणि कुठल्या बंगळुरूच्या, ते बाहेरून कळायची सोय नाही. विमान रंगवलंय ब्रिटिश स्क्वाड्रनच्या रंगात, हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवरून उडणाऱ्या. ते खरं तर ब्रिटिशांकडे जितकं राहिलं त्याच्या कितीतरी पट आपल्याकडे राहिलं. मला वाटतं, त्या शेपटीवर तिरंगी पट्टा असायला हवा होता.

त्याच दालनात एक विमान आहे ज्याच्यापाशी लोक आपोआप हळू बोलायला लागतात. हॅलिफॅक्स बाँबर, क्रमांक डब्ल्यू १०४८. एप्रिल १९४२ मध्ये 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला निघालेलं हे विमान गोळे लागल्यावर नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं. माणसं बाहेर पडली, बर्फ वितळला आणि विमान तळाशी गेलं. १९७३ मध्ये ते वर काढलं. संग्रहालयाने ते नवं करून मांडलं नाही. गंजलेलं, फाटलेलं, पत्रा जागोजाग जाळी पडलेला, जसं होतं तसंच ठेवलंय. या निर्णयाबद्दल वाद झाले आहेत, पण मी तरी संग्रहालयाच्या बाजूची आहे. सहा हजारांवर हॅलिफॅक्स बनली, आणि युद्धानंतर एकही अख्खं जपून ठेवावं असं कुणालाही वाटलं नाही. यॉर्कशरमध्ये एक उभं केलंय, त्यातला सांगाड्याचा मोठा तुकडा स्कॉटलंडच्या एका बेटावर कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता. स्टर्लिंग बाँबर तर दोन हजारांवर बनली, आज जगात एकही नाही. टायफून ही लढाऊ विमानं तीन हजारांवर, उरलं एक, तेही इथेच. चाचणीसाठी १९४४ मध्ये अमेरिकेला पाठवलं होतं म्हणून वाचलं आणि १९६८ मध्ये एका हरिकेनच्या बदल्यात परत आलं. मायदेशी राहिलं असतं तर तेही गेलं असतं.

गेलं म्हणजे कुठे? भट्टीत. युद्धानंतर ब्रिटनमध्ये घरांची टंचाई होती आणि ॲल्युमिनियमचे डोंगर पडून होते. विमानांच्या कारखान्यांनी त्यातून पन्नास हजारांहून अधिक तयार घरं बनवली. बेघर झालेल्या कुटुंबांना छप्पर मिळालं, त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण प्रत्येक जातीचं एक, फक्त एक बाजूला काढून ठेवायला किती जागा लागली असती?

शुक्रवार, डक्सफर्ड

केंब्रिजजवळचं डक्सफर्ड म्हणजे प्रत्यक्ष युद्धातला तळ. १९३८च्या ऑगस्टमध्ये रॉयल एअर फोर्सचं पहिलं स्पिटफायर लढाऊ विमान इथल्या एकोणीस नंबरच्या स्क्वाड्रनकडे आलं. आज तळ इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहे. हँगर पहिल्या महायुद्धाच्या काळातले. मात्र एक हँगर कमी आहे. १९६८ मध्ये 'बॅटल ऑफ ब्रिटन' या, १९४०च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईवरच्या युद्धपटाच्या चित्रीकरणासाठी तो खरोखर सुरुंग लावून उडवला गेला. ज्या लढाईचा चित्रपट, त्याच लढाईतली इमारत त्यासाठी उडवायची. हे ऐकल्यावर ओंकार काही वेळ बोललाच नाही.

इथे विमानं नुसती उभी नसतात, उडतात. त्यामुळे हवेत पेट्रोल आणि गरम तेलाचा वास असतो आणि दर तासा-दोन तासाला कुठलं तरी इंजिन धडधडतं. मला ज्याची उत्सुकता होती ते ब्लेनहाइम. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांचं हेच मुख्य हलकं बाँबर. इथल्या लोकांनी पडीक अवशेषांतून एक ब्लेनहाइम बांधायला घेतलं, वर्षानुवर्षं खपले आणि १९८७ मध्ये ते उडालं. महिन्याभरातच एका प्रदर्शनात कोसळलं. दुसरं बांधलं. ते १९९३ पासून दहा वर्षं उडालं आणि २००३ मध्ये इथेच उतरताना पडलं. दोन्ही वेळा माणसं वाचली. मग पुन्हा बांधलं, या वेळी जुन्या पद्धतीचं आखूड नाक लावून, आणि २०१४च्या नोव्हेंबरमध्ये ते परत उडालं. ते नाक कुठून आलं? युद्धानंतर ब्रिस्टलच्या कारखान्यातल्या एका माणसाने ते भंगारातून घेऊन त्याची विजेवर चालणारी मोटारगाडी बनवली होती! गाडी म्हणून रस्त्यावर फिरल्यामुळे ते नाक टिकलं.

हँगरमध्ये दोरीच्या अलीकडून काम बघता येतं. एक वयस्कर गृहस्थ पंखाच्या कडेचा पत्रा बसवत होते. आधी सगळ्या भोकांत तात्पुरत्या रंगीत पिना घातलेल्या, मग एकेक पिन काढून तिथे रिव्हेट. एक जण बाहेरून हवेच्या दाबाची हातोडी धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवतो, आणि दोघांची नजर एकमेकांवर नसताना हात बरोबर जुळतात. मी विचारलं, एवढ्या पंखात किती रिव्हेट? ते म्हणाले, "मोजायला लागलो तर काम सोडून घरी जाईन."

पण पत्रा नवा, रिव्हेट नवे, तर मग विमान जुनं कसं? हा प्रश्न इथे सगळ्यांनाच पडतो आणि त्यावर एकमत नाही. उडणाऱ्या बहुतेक स्पिटफायरमध्ये मूळ धातू थोडाच असतो, कारण ऐंशी वर्षांच्या ॲल्युमिनियमवर भरवसा ठेवून माणूस वर पाठवता येत नाही. विमानाची ओळख त्याच्या क्रमांकाच्या पट्टीत आणि अखंड नोंदींत असते. मला हे पटतं, पण अर्धंच. इंजिनाचा आवाज आणि ते चालवण्याची, दुरुस्त करण्याची हातातली विद्या उडवल्यानेच टिकते. हॅलिफॅक्सच्या फाटक्या पत्र्यात मात्र १९४२ सालची ती रात्र आहे, आणि ती नव्या पत्र्यात येत नाही. म्हणून एकाच जातीचं एक उडतं आणि एक न हात लावलेलं, असं दोन्ही असावं.

आपल्या वाराणसीची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आर ४११८ क्रमांकाचं हरिकेन १९४०च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये एकोणपन्नास वेळा लढाईला गेलं. १९४३च्या अखेरीस ते प्रशिक्षणासाठी खोक्यातून भारतात आलं आणि १९४७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी दिलं गेलं. तिथल्या आवारात उन्हापावसात ते पडून राहिलं. १९८२ मध्ये जुन्या मोटारींच्या शोधात आलेल्या पीटर व्हॅकर या इंग्रज गृहस्थाला ते दिसलं. कागदपत्रं, परवानग्या, पत्रव्यवहार यांत जवळजवळ वीस वर्षं गेली. २००१ मध्ये ते ब्रिटनला गेलं आणि २००४च्या डिसेंबरमध्ये उडालं. त्या लढाईतल्या, आजही उडणाऱ्या एका हरिकेनची वाट अशी बनारसवरून जाते. आमच्या भाग्यात ते बघणं नव्हतं, ते खाजगी मालकीचं आहे आणि प्रदर्शनांत उडतं.

ओंकारने परतताना ब्रह्मदेशात पुरलेल्या स्पिटफायरचं विचारलं. खोक्यांत बंद, वंगण लावलेली कितीतरी स्पिटफायर रंगूनच्या विमानतळाखाली आहेत अशी आवई होती. २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी प्रत्यक्ष खणलं. एकही विमान निघालं नाही.

शनिवार, ईस्ट कर्कबी

लंडनहून लिंकनशर लांब आहे, पहाटेच निघालो. सगळा सपाट मुलूख, दोन्ही बाजूंना शेतं. म्हणूनच युद्धात इथे बाँबर विमानांचे तळ खेटून खेटून होते. ईस्ट कर्कबी त्यांतला एक. सत्तावन्न आणि सहाशे तीस नंबरच्या लँकास्टर स्क्वाड्रन इथून उडायच्या.

हे संग्रहालय सरकारने काढलेलं नाही. फ्रेड आणि हॅरल्ड पँटन हे दोन शेतकरी भाऊ. त्यांचा थोरला भाऊ ख्रिस्तोफर ३० मार्च १९४४च्या रात्री न्यूरेंबर्गवरच्या हल्ल्यात हॅलिफॅक्समधून गेला आणि परत आला नाही. त्या एका रात्री ७९५ विमानं निघाली आणि ९५ आली नाहीत. पुढे या भावांनी या तळाची जागा घेतली, कोंबड्या पाळल्या आणि त्याच पैशातून १९८३ मध्ये एक लँकास्टर विकत घेतलं. एन एक्स ६११, नाव 'जस्ट जेन'. हे विमान एप्रिल १९४५ मध्ये बनलं, जपानच्या लढाईसाठी. ते तिकडे जाण्याआधीच युद्ध संपलं. मग फ्रेंच नौदलाने ते घेतलं, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनियात वापरलं आणि १९६५ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून ब्रिटनला परत आलं. सात हजार तीनशेहून अधिक लँकास्टर बनली. सतराच्या आसपास शिल्लक, उडणारी दोन. एक इथून जवळच कॉनिंग्स्बीला रॉयल एअर फोर्सकडे, दुसरं कॅनडात.

'जस्ट जेन' अजून उडत नाही, पण धावपट्टीपर्यंत चालतं. त्यात बसायचं तर फार आधी नाव नोंदवावं लागतं. आम्ही कुंपणाबाहेर गवतावर उभे राहिलो. एक पंखा अडखळत फिरला, नळकांड्यांतून निळसर धूर सुटला आणि मर्लिन इंजिनाने पकड घेतली. मग दुसरं, तिसरं, चौथं. चारही चालू झाल्यावर पायाखालची जमीन पोटरीपर्यंत जाणवते. गवत मागे झोपतं. शेजारी एक आजी चाकाच्या खुर्चीत होत्या, त्यांचा नातू त्यांचे कान हातांनी झाकत होता आणि त्या ते हात बाजूला सारत होत्या.

थांबल्यावर आत डोकावता आलं. पुढून मागे जाताना मध्ये पंखांची मुख्य आडवी तुळई येते, गुडघ्याच्या वर उंच. गरम कोट, बूट, पट्टे घातलेल्या पोरांना ती ओलांडूनच जावं लागे. विमान पेटलेलं असताना, अंधारात, तिरपं होऊन खाली जात असताना. पोरंच ती. मी ओंकारकडे पाहिलं. तो सत्तावीस वर्षांचा आहे, त्यांच्यात तो वडीलधारा ठरला असता.

हिवाळ्यात विमान सुटं करून एकेक भाग दुरुस्त करतात. पुन्हा उडवायचं हे ध्येय आहे. पैसा फेऱ्यांच्या तिकिटांतून आणि देणग्यांतून येतो. कोंबड्यांवर सुरू झालेलं काम चार दशकं बंद पडलेलं नाही.

उडवण्याची किंमतही याच परिसरात मोजली गेलीये. मे २०२४ मध्ये कॉनिंग्स्बीजवळ स्पिटफायर कोसळून स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग गेले. १९९६ मध्ये तेव्हाचं जगातलं शेवटचं उडतं मॉस्किटो दोघांना घेऊन पडलं. २०१९ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत दोन बी-१७ बाँबर गेली, तेरा माणसं गेली. तरी मी उडवू नका म्हणणार नाही. पण प्रवासी बसवण्याबाबत मात्र माझं मन बदललं आहे. वैमानिकाने आपला जीव पणाला लावणं वेगळं.

रविवार, लिंकन

शहराबाहेरच्या टेकडीवर बाँबर कमांडचं, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या बाँबर विभागाचं, स्मारक आहे. एकतीस मीटरचा लोखंडी मनोरा, लँकास्टरच्या दोन पंखांच्या टोकांतलं अंतर तेवढंच, आणि भोवती गंजरंगी भिंतींवर त्यातल्या मृतांची सत्तावन्न हजारांवर नावं. पँटन शोधलं, सापडलं. खाली जर्मन शहरांत बाँबखाली मेलेल्यांची बाजूही आत मांडली आहे, ते मला महत्त्वाचं वाटलं. पाऊस आल्यामुळे लवकर निघालो.

सोमवार, ब्रूकलँड्स

वॉटर्लूहून वेब्रिज, तिथून पायी. १९०७ची मोटार शर्यतींची काँक्रीटची धाव आणि तिच्याच आत विमानांचा कारखाना. इथल्या वेलिंग्टन बाँबरची रचना बार्न्स वॉलिसची. बांबूची पाटी विणावी तशी धातूच्या वाकड्या पट्ट्यांची तिरपी जाळी, वर कापड. गोळ्यांनी भोकं पडली तरी भार दुसऱ्या पट्ट्यांवर जायचा आणि विमान परत यायचं. साडेअकरा हजारांच्या आसपास बनली, उरली दोन.

इथलं एन २९८० याच कारखान्यात बनलं. १९३९च्या डिसेंबरमध्ये हेलिगोलँड या जर्मन बेटाजवळच्या लढाईत निम्म्याहून अधिक विमानं पडली, त्यातून हे वाचलं. ३१ डिसेंबर १९४०ला प्रशिक्षणाच्या फेरीत इंजिन बंद पडून ते स्कॉटलंडच्या लॉक नेसमध्ये उतरलं. आधी उडी मारलेला मागचा गनर गेला, वैमानिक वाचले. १९७६ मध्ये त्या सरोवरातला प्रसिद्ध राक्षस शोधायला आलेल्या अमेरिकन पथकाच्या सोनारवर हे विमान दिसलं. २१ सप्टेंबर १९८५ रोजी ते वर काढलं. पंचेचाळीस वर्षं पाण्यात राहूनही बॅटरी जोडल्यावर त्याचे शेपटीचे दिवे लागले.

जाळीच्या पट्ट्या बोटभर रुंद आहेत. काही मूळच्या, चावल्यासारख्या खडबडीत, काही स्वयंसेवकांनी नव्या घडवलेल्या, गुळगुळीत. जिथे नवी सुरू होते तो जोड लपवलेला नाही. हे मला सगळ्यांत पटलं: काय जुनं, काय नवं, बघणाऱ्याला कळू द्यायचं. हेंडनच्या लिबरेटरपाशी मी जे शोधत होते ते इथे उघडं होतं.

दुपारी चहा घेताना ओंकारने विचारलं, "आपल्याकडे काय उरलंय, आत्या?" पालमला लिबरेटर, स्पिटफायर, टेंपेस्ट आहेत. गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात सुपर कॉन्स्टलेशन आहे, तेही लिबरेटरनंतर लोहगावलाच होतं. आणि 'विक्रांत' नाही. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये पाण्यात सोडलेली, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानची कोंडी करणारी ती विमानवाहू नौका मुंबईत वर्षानुवर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केली, सुमारे साठ कोटींना भंगारात विकली आणि २०१४पासून दारूखान्यात तोडली. एवढ्या मोठ्या शहराला, एवढ्या श्रीमंत राज्याला ती ठेवता आली नाही. पँटन भावांच्या कोंबड्या डोळ्यांसमोर असताना हे मला ओंकारला समजावून सांगता येईना.

तो डिसेंबरात पुण्याला येतोय. दिल्लीला दोन दिवस ठेवायचे ठरवले आहेत, पालमसाठी. तिथल्या लिबरेटरची इंजिनं काकांच्या हाताखालून गेली होती का, ते काकांच्या नोंदवहीतल्या क्रमांकांवरून बघायचं आहे. वही चुलतभावाकडे आहे, त्याला कालच फोन केला.